डॉक्टरांच्या नाकावरचा चष्मा

आधी तो कप खाली ठेवा, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना शेजारच्या पद्मा आंटींच्या नाकातून चहा आला होता. आणि फजिती काही साधीसुधी नाही हं! भर दिवसा, पूर्ण शुद्धीवर, चार शिकलेल्या माणसांसमोर केलेली!

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या घरात हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे. आईबापाकडून पोरांकडे येतो. बाबांना होता, माझ्या थोरल्या भावाला, दादाला, आहे. त्याचे हातपाय आपोआप हलतात, बोलताना शब्द अडकतात. माझ्या रक्तातही तो निघालाय, फक्त अजून सुरू झालेला नाही. कधी होईल, कोण सांगणार? दूध उतू गेलं तरी मी स्वतःलाच तपासायला लागते. झालं, सुरू झालं वाटतं!

म्हणून दरवर्षी डॉक्टर माझी स्मरणशक्ती तपासतात. पूर्वी सगळं कागद-पेन्सिलीवर व्हायचं. गेल्या वर्षी गेले तर कागद झाल्यावर म्हणे, आता डोळ्यांवर हेडसेटही बांधायचा. आत खोटं घर दिसतं, त्यात आपण फिरायचं!

दादा हट्टाने बरोबर आला होता. तो दाराशी खुर्चीत बसला. मशीनवाली स्वप्ना तेलुगू मुलगी, माझ्याशी इकडच्या दखनी हिंदीत बोलायची.

"देखो मॅडम, पाँच चीजां उठाना. छत्री, फाइल, किल्ली, डब्बा, चष्मा. इसीच सिलसिले से. बीच में लोगां आवाज देंगे, डिस्टर्ब करेंगे. बिल्कुल ध्यान नक्को देओ!"

"हौ," म्हटलं. ह्याच क्रमाने उचलायचं, आणि ध्यान नक्को म्हणजे नक्को. मी रेल्वेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढलेली बाई. लोकांकडे लक्ष न देणं मला कुणी शिकवायला हवं?

खोट्या घरात शिरले. कुकर शिट्ट्या मारतोय, फोन वाजतोय, कुणी तरी "दीदी, दीदी" करतंय. मी ढुंकून बघितलं नाही. पाचही वस्तू उचलल्या. आणि एकदम ते घर विझलं.

समोर आली दुसरी खोली. टेबल, खुर्च्या, कोपऱ्यात छत्री. अगदी त्या दवाखान्यासारखीच, फक्त जरा फिकट, दाणेदार. मी मनात म्हटलं, अस्सं! ही दुसरी फेरी. अवघड फेरी!

आता मला काय माहीत, की तपासणी संपली की माणूस धडपडू नये म्हणून हेडसेट बाहेरची खरी खोली दाखवतो?

"अयिपोयिंदी मॅडम, हो गया!" स्वप्ना ओरडली.

लबाड मशीन! मी सरळ जाऊन छत्री उचलली. हाताला वजनसुद्धा लागलं, कमाल आहे मशीनची! मग टेबलावरची फाइल. मग स्कूटरची किल्ली.

"मॅडम, वो मेरी है!"

ध्यान नक्को!

एवढ्यात दाराकडून आवाज आला. "वसू... झालं... काढ ते."

माझे पाय थबकले. मशीनने दादाचा आवाज काढला? त्याच्या अडखळण्यासकट? लाज नाही या लोकांना! हात हेडसेटकडे गेलाही हो. पण मग असा संताप आला! मला हरवायला माझाच भाऊ वापरता? जा, हरतच नाही! आणि छाती काढून पुढे निघाले.

तेवढ्यात समोर एक उंच माणूस उगवला. थेट आमच्या डॉक्टर रावांसारखा! हातात जेवणाचा डबा. मी म्हटलं, वा, मशीन, बघ कशी सोय केलीस! डबा काढून घेतला.

"वसुधाजी," तो माणूस एकदम हळू, मऊ आवाजात म्हणाला, "आप कहाँ हैं, मालूम है आपको?"

म्हटलं, मालूम है रे बाबा, चष्म्यापाशी आलेय! काखेत छत्री, छातीशी फाइल, बोटात किल्ली, कोपरात डबा. उरलेला हात पुढे केला आणि त्याच्या नाकावरचा चष्मा ओढला.

बोटं कानाला लागली. कान गरम होता.

संगणकाचा कान गरम कसा?

हेडसेट वर केला. समोर डॉक्टर राव, चष्म्याविना, डोळे मिचकावत. स्वप्ना तोंडावर ओढणी धरून भिंतीला टेकलेली. आणि दादा! एरवी त्याचे हातपाय हलतात, त्या दिवशी अख्खा माणूस गदगदा हलत होता. हसून! बाबा गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी मात्र रडायच्या बेतात. वाटलं, सुरू झालं माझं. डॉक्टरांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी चष्मा परत घेतला, स्क्रीनसमोर बसले, आकडे पुन्हा पुन्हा तपासू लागले. स्वप्नाने त्यांच्या कानात आपलीच 'ध्यान नक्को'ची सूचना सांगितली. मग ते वळले.

"कागज की टेस्ट पिछले साल जैसीच है. और ये वाली? आपकी उमर के तंदुरुस्त लोगां के बराबर. एक गलती नहीं." चष्मा नीट बसवत म्हणाले, "ऊपर से मेरे कमरे में दोबारा करके दिखाए! सिलसिला भी सही!"

अहो, शाळेत पहिला नंबर आला नव्हता कधी माझा! दादाने थरथरत्या हाताने माझी पाठ थोपटली. तारनाक्याला घरी परत येताना त्याने रिक्षावाल्याला सगळी हकीकत सांगितली, एकेक शब्द जुळवत, न थकता. रिक्षावाल्याला रिक्षा कडेला घेऊन हसावं लागलं.

यंदा पुन्हा गेले. पुन्हा एक चूक नाही! ऐटीत बाहेर बाकावर बसले होते. स्वप्ना निजामाबादहून आलेल्या एका नव्या गृहस्थांना सूचनांचा छापील कागद वाचून दाखवत होती. खाली एक ओळ नवी होती, "खोली दिसली की तपासणी संपली. समोरची माणसं खरी असतात. त्यांच्या अंगावरची कोणतीही वस्तू काढू नये."

गृहस्थ खो खो हसले. "ऐसे भी लोगां आते क्या जी? उनका तो दिमाग पूरा गया होंगा!"

"नक्को हँसो जी," स्वप्ना गंभीरपणे म्हणाली, "टॉपर हैं उनो हमारे." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मान जरा वर करून हसले. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, हळूच स्वतःचा चष्मा काढला आणि खिशात ठेवून दिला.