शिसपेनीने लिहिलेले आकडे

रेवा, निनाद, क्रमाने सांगते, म्हणजे इतक्या दूरवर तुम्हाला नीट कळेल. शकूआजी गेल्याची बातमी गेल्या महिन्यात एका सकाळी नालवाडीहून तिच्या शेजारणीने फोनवर दिली. "काकू, ताई वाचता वाचताच गेल्या... चष्मा नाकावरच हाये." मी पोहोचले तेव्हा तिचा चहाचा कप धुऊन पालथा घातलेला होता. रडता रडता मला हसू आलं. माझ्या या नणंदेने जातानाही काम अर्धवट ठेवलं नव्हतं.

जन्मभर तिने कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं. निवृत्तीनंतर कार्डांचा एक लाकडी खण घरी आला, आणि त्याला सुतळीने बांधलेली शिसपेनही. "घरी कोण पळवणार आहे ती?" मी विचारलं. "वहिनी, तुमीच पयल्या!" ती म्हणाली. खोटं नव्हतं. परक्या पेन्सिली माझ्या पर्समध्ये आपोआप जातात.

मागच्या दिवाळीत तुम्ही दोघं आला होतात. फराळाला बसल्यावर निनाद सहज म्हणाला, "माझ्या लेखांचा आधार इतरांनी तीनशे वेळा घेतलाय. रेवाच्या लेखांचा सात वेळा!" त्याचं संशोधन औषधांचं, रेवाचं गणिताचं. सगळे हसले, पण रेवाची चकली हातातच राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन ती हळूच म्हणाली, "आजी, मी गणित सोडतेय. नोकरीच्या मुलाखतीतही हाच आकडा विचारतात."

शकू मागेच उभी होती. तिने बाहेर जाऊन निनादला धरलं. "काऊन रे, पऱ्हाटीची पट्टी हरभऱ्याले लावतं का तू? कपाशी छातीले लागते, हरभरा गुडघ्याखालीच राह्यते. म्हणून का तो पिकला नाई?" मग रेवाकडे वळून म्हणाली, "सोडाचं मंग पाहू. आधी मले दहा दिवस दे."

तुम्ही परत गेलात आणि आम्ही कामाला बसलो. पडद्यावरचं बारीक तिला दिसत नव्हतं, म्हणून मी कॉम्प्युटरवरून वाचायचं, तिने कार्डावर लिहायचं. रेवाच्या प्रत्येक लेखाशेजारी त्याच विषयातले, त्याच वर्षीचे दुसऱ्यांचे लेख, आणि कोणाचा आधार किती वेळा घेतला गेला तो आकडा. शून्य, एक, शून्य, शून्य, दोन... मी कंटाळले. "शकू, शून्यं कशाला लिहायची?"

"शून्यच तर लिवाचे, वहिनी! त्याबिगर सात केवढे, हे कसं समजन?"

मग निनादचीही कार्डं झाली. त्याने आपल्याच जुन्या लेखांचा आधार घेतला होता, ते सगळे तिने वजा केले. "आपल्याच लग्नात आपणच आहेर करून राह्यला हा!" दहाव्या दिवशी तुम्हा दोघांना फोन लावून तिने हे ऐकवलं, तेव्हा निनादच सगळ्यात मोठ्याने हसला. निकाल तिने उभं राहून सांगितला. "निनाद, तू चांगला हायेस, पण रांगेतला, बाकीच्यांएवढाच. रेवा, तुह्या वावरात तुह्याहून उंच दोनच झाडं हायेत." पलीकडून रेवाने नाक ओढल्याचा आवाज आला.

"अन् आयक," शकू म्हणाली, "तुहा लेख मी पुरा वाचला. एक अक्षर समजलं नाई. पण त्यात तुले मजा आली, हे मातर समजलं. आकड्यात ते येत नाई."

रेवाने गणित सोडलं नाही. उन्हाळ्यात तिचा नवा लेख आला, तेव्हा शकूने नवं कार्ड केलं आणि त्यावर शिसपेनीने शून्य लिहिलं. शाईने का नाही, असं मी विचारलं. "वाढनारा आकडा हाये तो," ती म्हणाली.

परवा रेवाचा फोन आला. "आजी, नव्या लेखाचा कुणीतरी आधार घेतला! शकूआजीला सांग ना..." आणि ती थांबली.

मी रिक्षा करून नालवाडीला गेले. खण उघडून कार्ड शोधलं. सुतळी आखूड, उभ्याने लिहिता येईना, म्हणून तिच्याच खुर्चीत बसले. शून्य खोडलं, एक लिहिला, कार्ड जागेवर लावलं. उठताना शिसपेन सवयीने पर्समध्ये टाकली आणि दाराकडे वळले.

सुतळीने मला मागे ओढलं.