भाताच्या खाचरातला कोबी

“चार? एका खड्ड्यात चार?” मी बांधावरून असा ओरडलो, की तिकडे उंबरमाळीच्या डोंगरातली वानरं हातातलं खाणं टाकून पळाली असतील.

“मग किती?” आई वाकल्या वाकल्याच म्हणाली. तिच्या मागे शेजारच्या हौसाकाकू आणि आणखी तिघीजणी साड्या खोचून, घोट्यापर्यंतच्या चिखलपाण्यात उभ्या राहून कोबीची रोपं लावत होत्या. भर थंडीत! आणि वर आषाढातली लावणीची गाणी म्हणत होत्या!

“अगो आई, एक! एका जागी एक रोप! कोबी हाय तो!”

“सकाळी फोनवर तूच बोल्लास ना, भातासारखी लाव म्हणून?”

बोललो होतो. खोटं कशाला सांगू? मी कल्याणला ऑफिसात, समोर साहेब, आणि कानाला आईचा फोन : “दिन्या, रोपं आली रे, कशी लावायची?” जिने जन्मभर भात लावला तिला मी काय शिकवणार? “तुला काय सांगायचं? भातासारखीच लाव की!” म्हणालो आणि फोन ठेवला. आता भाताची चूड म्हणजे चिमटीत येतील तेवढी तीन-चार रोपं एकत्र, आणि खाचरात तुडुंब पाणी. संध्याकाळी मी गावी पोचेपर्यंत आईने तस्सं केलं होतं. (आमच्या घरात माझं कुणी ऐकल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.)

आणि कोबी तरी साधा होता का? माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनीच्या लग्नाच्या पंगतीचा कोबी होता तो! तिचे होणारे सासरे, आबा, धसईकडचे पक्के भाजीवाले शेतकरी. त्यांचा एकेक गड्डा दोन हातांत मावत नाही, तान्ह्या पोरासारखा कडेवर घ्यावा लागतो. साखरपुड्यात ते सहज म्हणाले, “भाजीचं आमच्यावर सोडा, टेम्पो पाठवतो.”

झालं! मुलीचा भाऊ मी, माझ्या नाकाला मिरची लागली. “छे छे! पंगतीला आमच्याच शेतातला कोबी असेल. विकतचा नाय, मागितलेला नाय. एकेक गड्डा चार किलोचा!” (तोवर मी कोबी फक्त डब्यात पाहिला होता.)

आबा मिशीत हसले. नुसते हसले. ते हसू लग्नापर्यंत तीन महिने माझ्या अंगाला खाजकुयलीसारखं चिकटून राहिलं.

म्हणून लावणीनंतरच्या रविवारी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाचरात उतरलो. पाणी बांध फोडून आधीच सोडून दिलं होतं; आता चारातली तीन उपटायची, एक ठेवायचं. सोपं! पहिलं रोप ओढलं, चारही हातात आली. दुसऱ्या ठिकाणी दोन आली, तिसरं मान टाकून पडलं. तरी दात-ओठ खात, मागे न बघता उपटत सुटलो. दुपारी कंबरेला हात लावून वळून बघतो तर काय! मी टाकलेली रोपं गोळा करत आई माझ्या मागोमाग येत होती, आणि शेजारच्या रिकाम्या खाचरात ती सगळी लावून मोकळी झाली होती. चार-चार!

“आई!!”

“बोंबलतोस काय? जीव हाय त्यांच्यात. उन्हात टाकून देऊ?”

बांधावर बसलेली सुनी पोट धरून हसत होती. “दादा, आता दुसऱ्या खाचरातली उपटायला कधी येशील? रजा टाक!”

पुढे कोबी वाढला. वाढला म्हणजे कसा? एका गोधडीत चार भावंडं निजावीत तसा. एकाचा गुडघा दुसऱ्याच्या बरगडीत. कुठला गड्डा चपटा, कुठला तिकोनी, कुठला बिचारा वरच्यावर निसटून आभाळाकडे बघत राहिलेला. त्यातला जो भला थोरला होता तोही माझ्या मुठीत मावत होता. लोक विचारायचे, “कोबी कुठवर आला?” मी म्हणायचो, “भरतोय, भरतोय.”

लग्नाच्या सकाळी आचाऱ्यासमोर दोन पोती नेऊन ओतली. त्याने एक गड्डा तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“दादा, ही कोबीची पोरं झाली. आईबाप कुठं हायत?”

“हेच आहेत.”

“चारशे पानं उठायचीत! अजून टाइम हाय, आबांना फोन लावा, टेम्पो येईल.”

“जीव गेला तरी नाय!” मी म्हणालो.

मग त्याने हरभऱ्याची डाळ मागवली. पहिल्या टोपात कोबीत डाळ होती, दुसऱ्यात डाळीत कोबी, आणि तिसऱ्यात कोबी फक्त आशीर्वाद द्यायला येऊन गेला होता.

पंगतीत आबांच्या पानात मी स्वतः वाढलं. ते डोळे मिटून चावत राहिले. माझ्याच्याने राहवेना. “बारीक जात आहे, आबा. परदेशी. मोठ्या हॉटेलांत हीच जाते.”

आबांनी मान डोलावली. “वाढा अजून.” एकदा नव्हे, दोनदा! वरातीत मी असा नाचलो, की बूट कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही.

आता आईचे गुडघे वाकत नाहीत, हौसाकाकू लेकाकडे बदलापूरला गेल्या. मी आसनगाव स्टेशनबाहेर कोबी घेतो; गोल, गुळगुळीत, एकेकटा. थंडीत खाचर कोरडंच पडलेलं असतं. कधीमधी बांधावर जाऊन बसतो आणि वाटतं, त्या पाचजणींनी अवेळी म्हटलेलं गाणं पुन्हा ऐकू यावं. त्यासाठी आणखी शंभर रोपं चुकीची लावायला तयार आहे!

पण तेव्हा माझी छाती फुगलेली. पाचपरतावनाला सुनी पहिल्यांदा माहेरी आली, तिला पाणीही पिऊ न देता मी विचारलं,

“काय गो, आबा भाजीबद्दल काय बोल्ले का?”

“बोल्ले ना.”

“काय?”

“डाळ चांगली शिजली होती.”