धुळवडीची उरलेली अंडी

धुळवडीला नवऱ्याचे मित्र जेवायला येणार होते, म्हणून मी सकाळीच मोठ्या गंजात पाच ट्रे अंडी उकडली. ऐनवेळी त्या मित्रांना कुणाच्या तरी शेतात मटणाचं बोलावणं आलं आणि माझ्या नवऱ्यासकट सगळे तिकडेच गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फ्रीज उघडला. "काहून वं, अंड्याचं दुकान लावून राह्यली काय?"

मी रस्सा केला, किसून भुर्जी केली, बेसनात बुडवून भजी तळली. तरी अंडी उरलीच. मग डबे भरून शेजारी वाटले. पण आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. संध्याकाळी एक डबा अंडाकरी घेऊन आला, दुसऱ्यात मसाला अंडी होती, आणि तिसऱ्यात नुसती सोललेली, पांढरी.

"आमच्याकडेही लय उरले होते ना ताई," शेजारीण म्हणाली. "तुमचे-आमचे मिळून आणले."

सासऱ्यांनी ती सगळी कुस्करली आणि अंगणात आमच्या कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्या त्यावर तुटून पडल्या. मला बघवेना.

"मामाजी, आपलेच लेकरं खाऊन राह्यल्या त्या!"

"त्यायले का समजते?" सासरे म्हणाले.

त्या आठवड्यात कोंबड्यांनी कधी नव्हे इतकी अंडी घातली. सासूबाईंनी त्यातलं एकही स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. सगळी खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि मला बजावलं, "पिल्लं निघू दे. पिल्लं तुले उकडता येत नाही."