सतराव्या पानावरचा त्रिकोण

आमची फिरत्या वाचनालयाची गाडी दर मंगळवारी चर्चच्या फाटकापाशी थांबते. म्युरिएल पोकॉक पिशवी घेऊन आधीच उभ्या असतात. वय ऐंशीच्या पुढे, घरात एकट्या. वाचतात ते फक्त खुनाचं, आणि तेही बड्या हवेलीतल्या खुनाचं.

"काय हो, या आठवड्यात किती मुडदे पडले?" मी विचारते.

"दोनच. दुसरा मेला ते बरंच झालं, फार बडबड्या होता."

सगळ्या हवेल्या सारख्याच, म्हणून वाचलेलं पुस्तक ओळखायला आमची म्हातारी माणसं आत पेन्सिलीने खूण करून ठेवतात. मी खवळते, पण ऐकतंय कोण! म्युरिएलबाईंचं सतराव्या पानावर फूल असतं. शेजारी बहुतेक वेळा कुणाचा तरी त्रिकोण असायचा. तो माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. "त्रिकोणाला हे आवडलं असणार," एवढंच म्हणायच्या.

या वसंतापासून नव्या पुस्तकांत त्रिकोण दिसेना.

"गेला असेल," त्या म्हणाल्या. "पुस्तकात एक मेला की अख्खी हवेली दिवाणखान्यात गोळा करतात. तू कुठे होतास, तू काय पाहिलंस, एकेकाला विचारतात. इथे कुणी विचारलं?"

मी थर्मासमधला चहा पुढे केला, तर "गारढोण आहे गं," म्हणून नाक मुरडलं.

परवा त्यांनी एक नवंकोरं पुस्तक परत केलं. त्यांच्याआधी ते कुणीच नेलं नव्हतं. खोडरबर घेऊन मी सतरावं पान उघडलं. तिथे फूल होतं आणि शेजारी त्रिकोण, दोन्ही एकाच थरथरत्या हाताची.