पाय वर

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फरशी पुसणं. म्हणजे ती पुसत होती. मी मांजरीला मांडीवर धरून, पाय वर करून खाटेवर बसलो होतो. माझ्याकडं तेवढंच खातं.

"फरशी वाळायच्या आत उतरलात तर दोघांचे पाय तोडीन," ती म्हणाली. त्याच दुपारी झोपेत गेली.

सुतक फिटलं की घर धुवायचं असतं. नांदगावहून आलेली बहीण गोमूत्र शिंपडून मोकळी झाली. माझं समाधान होईना. बायको पोछ्याच्या बादलीत ब्लीच टाकायची, एक टोपण. मी अर्धी बाटली ओतली. बाईला काटकसरीची लय खोड, दुसरं काय!

फरशी चकाचक झाली. पण मांजरीला धरायला खाटेवर कोणी नव्हतं. ती ओल्यातून फिरली आणि पाय चाटत बसली. थोड्या वेळानं तोंडातून लाळ गळायला लागली.

बायकोच्या हातचं खाऊन माजलेले या घरात आम्ही दोघंच उरलो होतो.

"दादा, मिठाचं पाणी पाज, ओकून टाकील," बहीण म्हणाली. "आपल्याकडं काय बी पोटात गेलं की मीठच."

मिठाची बरणी हातात घेऊनच मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"आजोबा, मीठ खाली ठेवा! उलटी करवायची नाही. जाताना भाजलंय, येताना परत भाजेल. तोंड, पाय साध्या पाण्यानं धुवा. आपणहून पिईल तर थोडं दूध द्या. बाटली घेऊन लगेच या."

लेकीच्या लग्नात जावयाचे पाय धुतले होते. त्यानं बोचकारलं नव्हतं.

बायकोच्या बाजाराच्या पिशवीत मांजरीला घातलं आणि पंचवटीतून रिक्षा केली.

"बाबा, भाजी लय ताजी दिसती, ओरडतेय," रिक्षावाला म्हणाला. मी पिशवी छातीशी धरून बसलो.

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं. "जीभ थोडी सोललीय. औषध देते, मऊ खायला घाला. वाचली." मग माझे हात बघून म्हणाल्या, "तुम्हालाही मलम देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुसत्या पाण्यानं फरशी परत पुसली. आधी मांजरीला खाटेवर बसवलं. "वाळायच्या आत उतरलीस तर पाय तोडीन," म्हणालो. मला ते तिच्यासारखं जमलं नाही.

मांजरी मात्र बसून राहिली. खुर्चीत चहा पीत बसलेल्या बहिणीनंही मुकाट्यानं पाय वर घेतले.