कढईतलं डिझेल

लग्नाकार्यात नवी ओळख झाली की बायका विचारतात, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "जुनं तेल गोळा करते." समोरची हळूच आपली भारी साडी सावरून मागे सरकते. "त्याचं डिझेल करतो आम्ही," म्हटलं की लगेच पुन्हा पुढे येते! मग एखादा किस्सा ऐकल्याशिवाय सोडत नाही. माझ्याकडे किश्शांना तोटा नाही. टेम्पो रिकामा परत आला तरी एखादा किस्सा घेऊनच येतो.

आमची मंडळी तीनच. रमाकांतभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. केमिकल कंपनीतली चांगली नोकरी सोडून त्यांनी मुरबाडजवळ शेड टाकली. तळणाचं वापरलेलं तेल गाळायचं, त्यातलं पाणी काढायचं, रसायन घालून तापवायचं. ग्लिसरीन खाली बसतं, डिझेल वर राहतं. हे भावजींचं खातं. ढाब्या-हॉटेलांतून तेल मिळवायचं, हे माझं. आणि टेम्पो बाळारामचा. भावजींचा लाडका शब्द 'सस्टेनेबल'. बाळाराम त्याला 'सस्तं टेबल' म्हणतो.

* * *

शेडच्या उद्घाटनाला एका पुढाऱ्यांना बोलावलं होतं. वेळ सकाळची. दारातच कढई मांडून गरम वड्यांची सोय केली होती.

"साहेब निघाले!" असा फोन आला की आचारी घाणा सोडायचा. साहेब काही यायचे नाहीत. वडे गार व्हायचे, जमलेली माणसं ते संपवायची. पुन्हा फोन, "आता मात्र निघाले!" पुन्हा घाणा. साहेब पोचले तेव्हा उन्हं कलली होती, लोकांची पोटं टम्म झाली होती आणि कढईतलं तेल डांबरासारखं काळं झालं होतं. भावजींनी तेच गाळून, साहेबांच्या हस्ते मशीनमध्ये ओतवलं.

भाषणात साहेब गरजले, "हा प्रकल्प केवळ माझ्यामुळे सुरू झालाय!"

बाळाराम माझ्या कानाशी लागला, "खरंय वहिनी. एवढा कच्चा माल दुसरा कोन बनवनार?"

* * *

पहिल्याच आठवड्यात मी टोकावड्याच्या एका ढाब्यावर गेले. मालक गल्ल्यावर बसून दात कोरत होते. मी नमस्कार करून म्हटलं, "दादा, तुमचं वापरलेलं तेल आम्ही विकत घेऊ. आम्ही त्याचं..."

"आमच्यात तेल उरतच नाय, ताई."

"असं कसं? एवढं तळण होतं. मग तेल जातं कुठे?"

त्यांनी हॉलमध्ये जेवणाऱ्यांकडे मान वळवली. "हे काय, बसलंय ना समोर!"

* * *

शहापूरच्या एका वडापाववाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. गाडीवर मोठी पाटी, 'येथे रोज ताजे तेल वापरले जाते'. मला हायसं वाटलं. रोज ताजं म्हणजे रोज जुनं निघणार!

"काका, कालचं तेल देता?"

काकांनी कढईवर असा हात धरला, जणू मी तान्हं मूल मागितलं होतं. "हे नाय मिळनार. सगळी चव ह्याच्यात हाय."

"मग ते पाटीवरचं ताजं तेल?"

त्यांनी गाडीखालून न फोडलेला नवा डबा ओढून काढला. "न्यायाचाच असंल तर हा न्या. ह्याला चव यायला अजून लय टाइम हाय!"

* * *

मग भावजी म्हणाले, "वहिनी, घराघरांतून तेल गोळा करू. लोक सुशिक्षित झालेत." म्हणून आम्ही भातसानगरला गेलो. कॉलनीतल्या बायकांनी खरंच छान साथ दिली. बाटल्या भरून ठेवल्या. एक बाई तर तेल गाळून, बाटलीला फडकं बांधून उभ्या होत्या. मी ती बाटली शेजारणीच्या तेलाच्या कॅनमध्ये ओतायला गेले आणि त्या किंचाळल्याच!

"अहो, थांबा! त्यांच्यात मासे तळतात. आमचं वेगळं न्या!"

"काकू, ह्याचं डिझेल होणार आहे. कुणी खाणार नाहीये."

"ते मला कळतं हो. पण डिझेल गाडीत जाणार ना?"

"हो."

"मग? गाडीत आमचे साहेब बसतात!"

आम्ही वेगळा कॅन आणला. बाळारामने त्यावर खडूने 'शुद्ध शाकाहारी' असं लिहिलं. भावजी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

* * *

आमचं डिझेल ट्रॅक्टरमध्ये घालून बघायला सगळ्यात आधी तयार झाले किन्हवलीचे भास्करदादा. ट्रॅक्टर झकास चालला. एकच गोष्ट होती, धुराला तळणाचा वास यायचा.

एका संकष्टीला दादा बायकोला घेऊन थेट शेडवर हजर! वहिनींचा चेहरा असा, की बाळाराम टेम्पोखाली जाऊन उगाच नट आवळायला लागला.

"हे म्हनतात, भजी खाल्लीच नाय. उपासाचा दिवस, नि शर्टाला ह्यो वास! मी काय येडी हाय?"

"अगो, ट्रॅक्टरचा वास हाय तो!" दादा रडकुंडीला आले होते. "ताई, तुमीच सांगा हिला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काय नाय."

सांगून पटण्यातलं नव्हतं. भावजींनी तेच डिझेल घालून शेडमधलं इंजिन चालू केलं. वहिनी धुराजवळ गेल्या. डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला. दादा पाटावरच्या नवऱ्या मुलासारखे अवघडून उभे.

"कांदाभजी," वहिनींनी निकाल दिला. "हे खरं बोलतात."

दादांनी सुस्कारा सोडला. पण जाता जाता वहिनी भावजींकडे वळल्या. "येवढं शिकलाव, तर येवढं करा. संकष्टीच्या दिवशी साबुदान्याच्या वड्याचं तेल भरत जा!"

* * *

एवढं सगळं होऊनही ढाबेवाले काही तेल देईनात. दुसरा एक व्यापारी जास्त भाव देऊन ते उचलायचा, रंग उडवून साफ करायचा आणि स्वस्तात पुन्हा खाण्यासाठीच विकायचा. आमचं मशीन बंद पडून राहिलं. भावजींचं जेवण कमी झालं. "आणखी महिनाभर बघतो, मग परत नोकरी," असं ते एकदा ताटावर बसून म्हणाले.

शेवटचा उपाय म्हणून आम्ही शहापुरात एक हॉल घेतला आणि मुरबाड-शहापूर दोन्ही तालुक्यांतल्या हॉटेलवाल्यांची सभा बोलावली. एक डॉक्टर आल्या. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल हृदयाचं काय करतं, ते त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. एकेकाने उठून शब्द दिला, "तेल तुमालाच देऊ." बऱ्याच जणांनी तो पाळलाही. मशीन सुरू झालं, भावजी पूर्ववत चार चपात्या खाऊ लागले.

पण त्या सभेचं म्हटलं की मला दुपारचं जेवणच आठवतं.

जेवणाचं काम आम्ही त्यांच्यातल्याच नंदूशेठना दिलं होतं. मोठे केटरर, सभेत पहिल्या रांगेत बसलेले. पुऱ्या, भजी, कोथिंबीरवडी, सगळा बेत त्यांनी मांडला. डॉक्टरबाई, भावजी, मी आणि बाळाराम ताटं वाढून घेऊन बसलो. मागे वळून बघते तर रांगेत कुणीच नाही!

सगळे हॉटेलवाले भिंतीला टेकून गोलात बसले होते. प्रत्येकाने पिशवीतून घरचा डबा काढला होता. कुणाची भाकरी, कुणाची मुगाची आमटी, कुणाचा दहीभात. एकमेकांना मनापासून वाढणं चाललं होतं.

मी ताट हातात घेऊन नंदूशेठना शोधलं. ते एका खांबाआड बसले होते. पुढ्यात स्टीलचा डबा, त्यात तांदळाची भाकरी आणि मेथीची भाजी.

"नंदूशेठ, तुम्हीसुद्धा? अहो, जेवण तर तुमचंच आहे!"

त्यांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि संकोचून हसले.

"माफ करा ताई. मला बाहेरचं चालत नाय."