बुरशीची काळजी

परवा गावी काकूला चीजचे गोळे उलटवताना पाहिलं. तान्ह्या बाळाची कूस बदलावी तशी ती फळीवरचा एकेक गोळा हलक्या हातानं फिरवत होती. मला हसू आवरेना.

काकांनी गोठ्यामागच्या खोलीत हा कारखाना काढला, तेव्हा काकूनंच तो एका सकाळी बुडवला होता. पावसाळ्यात दूध गरजेपेक्षा जास्त होई आणि डेअरी ते परत पाठवी, म्हणून काका कुठूनसं चीज करायला शिकून आले. गोळे मुरायला ठेवून ते एका लग्नाला गेले. काकूनं खोली उघडली, तर सगळ्यांवर बुरशी! तिनं ते पितळेच्या भांड्यांसारखे चिंचेनं घासले आणि उन्हात वाळत घातले. काका परतले तेव्हा अंगणात कुत्री तृप्त होऊन झोपली होती.

"अगं, ती बुरशी मी मुद्दाम वाढवली होती!"

"मुद्दाम? मग माझ्या लोणच्याला आली तेव्हा गावभर का सांगत सुटला होतात?"

काका अंगणातले उरलेसुरले तुकडे वेचायला वळले. मला नासणं आणि मुरणं यांतला फरक अजून नीट सांगता येत नाही. कुणीतरी जीव लावून वाट पाहिली, की त्याला मुरणं म्हणत असावेत.

आता आजूबाजूच्या वस्त्यांवरही असे कारखाने निघालेत. काकांचे गुडघे थकले, आमचा काकूच चालवते. मी एका गोळ्याला हात लावायला गेलो.

"हात धुतलेस?"

"हो, चांगले अत्तराच्या साबणानं."

"मग मुळीच लावू नकोस. बुरशीला वास सोसत नाही."